बर्ट मन्रोच्या मागची माणसं (मिठावर जुन्या मोटारसायकली पळवणाऱ्यांचा धागा)

जुना_किकस्टार्ट, पुणे

बर्ट मन्रोची गोष्ट आपल्याकडच्या मोटारसायकलवेड्यांना तोंडपाठ असते. न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल गाव, तिथल्या शेडमध्ये राहणारा म्हातारा, १९२० सालची इंडियन स्काउट (‘इंडियन’ ही अमेरिकन मोटारसायकल कंपनी), घरीच ओतलेले पिस्टन, आणि १९६७ साली अमेरिकेत युटाह राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी १८३.५८६ मैलांचा विक्रम. तेव्हा तो ६८ वर्षांचा आणि गाडी ४७ वर्षांची. कारखान्यातून आली तेव्हा ती ६०० सीसीची होती आणि फार तर ५५ मैलांनी पळायची.

ही गोष्ट सांगताना लोक त्याला एकांडा शिलेदार करून टाकतात. मला ते पटत नाही. शेडमध्ये तो एकटा राबला हे खरंच. पण शेडबाहेर माणसं होती, आणि ती नसती तर ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचलीच नसती.

रॉली फ्रीचं नाव बहुतेकांना एका फोटोमुळे माहीत असतं. १३ सप्टेंबर १९४८, बॉनव्हिल. व्हिन्सेंट या ब्रिटिश मोटारसायकलवर पोटावर आडवा झालेला माणूस, पाय मागे ताणलेले, अंगावर पोहण्याची चड्डी. आधीच्या फेरीत चामड्याचा पोशाख वाऱ्याने फाटला, म्हणून त्याने तो काढूनच टाकला आणि १५०.३१३ मैल काढले. ती गाडी त्याच्या मालकीची नव्हतीच, जॉन एडगर या हौशी माणसाची होती. फ्री मूळचा इंडियनवाला, त्या गाड्या शर्यतीत पळवलेला. पुढे तो मन्रोचा मित्र झाला. दुसरा मित्र मार्टी डिकरसन, पक्का व्हिन्सेंटवाला, मिठावर स्वतः विक्रम केलेला. या मंडळींनी न्यूझीलंडहून आलेल्या म्हाताऱ्याला आणि त्याच्या त्याहून म्हाताऱ्या वाटणाऱ्या गाडीला आपलं म्हटलं.

तब्येत उतरल्यावर मन्रोने गाड्या गावातल्याच नॉर्मन हेज या हार्डवेअरच्या दुकानदाराला दिल्या, म्हणजे त्या त्याच भागात राहतील. ती स्काउट आजही ई. हेज अँड सन्स या दुकानात पाहायला मिळते. आणि १९६७ च्या विक्रमाची सरासरी काढताना हिशेब चुकला होता, हे कित्येक वर्षांनी त्याच्या मुलाच्या लक्षात आलं. २०१४ साली अमेरिकन मोटारसायकल संघटनेने आकडा दुरुस्त करून १८४.०८७ केला. मन्रो १९७८ सालीच गेला होता. बाप गेल्यावर ३६ वर्षांनी अर्ध्या मैलाचा हिशेब चुकता झाला!

अजून एक जोडी सांगतो, तीही न्यूझीलंडचीच. रसेल राइट आणि बॉब बर्न्स. २ जुलै १९५५ ला क्राइस्टचर्चजवळ स्वानानोआच्या सरळ रस्त्यावर राइटने व्हिन्सेंटवर १८४.८३ मैलांचा जागतिक विक्रम केला. त्याच दिवशी त्याच गाडीला साइडकार जोडून बर्न्सने साइडकारचा जागतिक विक्रम केला, १६३ मैलांचा. गाडी राइटची, वरचं हवा कापणारं कवच बर्न्सचं काम. एका गाडीवर दोन मित्रांचे दोन विक्रम.

आणि टेक्सासचं त्रिकूट तर मला सर्वांत प्रिय आहे. स्टॉर्मी मँगहॅम हा विमानाचा पायलट, त्याने कवच बांधलं. जॅक विल्सनने ट्रायम्फचं ६५० सीसी इंजिन तयार केलं. जॉनी ॲलनने ती चालवली. सप्टेंबर १९५६, बॉनव्हिल, ताशी २१४ मैल. कारखान्याची फौज नाही, एका शहरातले तीन जण. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने तो विक्रम मानला नाही, त्यावरून मोठा वाद झाला, पण ट्रायम्फने पुढच्या गाडीचं नावच बॉनव्हिल ठेवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: जुन्या गाड्यांच्या वेगात मैत्री हा वरचा मसाला नाही, तो इंजिनाचाच भाग आहे. बॉनव्हिलच्या नियमांत व्हिंटेज इंजिनांचा वेगळा वर्ग आहे, १९५६ च्या आधीच्या रचनेची इंजिनं. त्यांचे सुटे भाग कुठल्या शोरूममध्ये मिळणार? ज्याच्याकडे असतील त्याच्याकडेच मागावे लागतात, आणि तो बहुधा तुमच्याच वर्गात पळत असतो.

तिथे कुणी प्रत्यक्ष गेलंय का? लिहा ना.

सॉल्टलेककर

मी जातो. शर्यतीत नाही, मदतीला. सॉल्ट लेक सिटीहून आय-८० ने सरळ पश्चिमेला, नेवाडाच्या सीमेवर वेंडोव्हर गाव लागतं, त्याच्या अलीकडे मैदान. ऑगस्टमध्ये स्पीड वीक असतो, १९४९ पासून. भरवणारी संस्था एससीटीए, आणि ट्रॅक नीट करण्यापासून वेळ मोजण्यापर्यंत बहुतेक कामं सभासद आणि स्वयंसेवक करतात. बक्षिसाचे पैसे नसतात. फेरी झाली की एका ट्रेलरपाशी जाऊन वेगाची चिठ्ठी घ्यायची, बस.

दादा म्हणतात ते सगळ्यात जास्त दिसतं सुरुवातीच्या रांगेत. रांग तासन्‌तास चालते. मीठ खालून उन्हाचा मारा करतं, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतसुद्धा सनस्क्रीन लावावं लागतं. चालवणारा चामड्याच्या पोशाखात उकडत असतो, आणि कुणीतरी त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभं असतं. ती छत्री पुष्कळदा त्याच्या टीमच्या माणसाची नसते. मागच्या नंबरवरची टीम धरते, कारण याचा एकुलता एक मदतनीस पुढे कार्ब्युरेटरशी झटत असतो.

मागे एकदा माझ्यासमोर एका ब्रिटिश सिंगलचा (एका सिलिंडरच्या गाडीचा) मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारा भाग, गेला. माणूस सत्तरीचा, दूरवरून ट्रेलर ओढत आलेला. त्याने गाडी स्टँडवर लावली आणि खाली बसला, काही बोलला नाही. शेजारच्या छपरातला माणूस उठून आला, वाकून पाहिलं, परत गेला, आणि आपल्या जास्तीच्या इंजिनावरचा मॅग्नेटो सोडवायला लागला. दोघं एकाच वर्गात नोंदलेले होते. टायमिंग बसवताना तिसरा एक जण आला, त्याने पॉइंट्समध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरला आणि कागद कधी सुटतो ते बघत कोन जुळवून दिला. दुपारी गाडी पळाली.

देणाऱ्याला मी नंतर विचारलं, तुमचा विक्रम त्याने मोडला तर? तो म्हणाला, मग मला पुढच्या वर्षी यायला कारण मिळेल.

घाटमाथा

+१. दोन्ही प्रतिसाद अधाशासारखे वाचले. सॉल्टलेककर, तिथे पिकअपने ढकलत सुरुवात का करतात ते सांगाल का? व्हिडिओत पाहिलंय.

सॉल्टलेककर

गिअरिंग. सगळं गणित सर्वांत वरच्या वेगासाठी लावलेलं असतं, त्यामुळे पहिल्या गिअरमध्येसुद्धा गाडी उभ्या जागेवरून उठायला कुरकुरते आणि क्लच जळतो. मीठ निसरडं, चाकाला पकड कमी. म्हणून लांबट कवचातल्या गाड्यांना ढकलून वेग देतात. उघड्या मोटारसायकलींना माणसं हाताने ढकलतात, आणि त्या वेळी धावणारे चार हात कुणाचेही असू शकतात.

शिवाय ती जागा समुद्रसपाटीपासून १२८० मीटरच्या वर आहे. ऑगस्टमधल्या दुपारी हवा इतकी विरळ होते की सकाळची जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक तोटी) दुपारी चालत नाही, मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. त्यामुळे सकाळपासून छपरा-छपरांत एकच प्रश्न ऐकू येतो, तू कितीची जेट लावलीस? आणि लोक खरा आकडा सांगतात! गाड्यांच्या शर्यती इतरत्रही पाहिल्यात मी, असं उत्तर दुसरीकडे मिळत नाही.

वाळूसाचा, कोल्हापूर

लई भारी धागा भावा. मी फाउंड्रीतला माणूस, शर्यतीतलं कळत नाही, पण त्या मन्रोच्या पिस्टनवर बोलल्याशिवाय राहवत नाही.

ॲल्युमिनियम वितळवणं अवघड नाही, सातशे-साडेसातशे अंशाला ओतता येतं. अवघड आहे ते पिस्टन टिकणं. भंगारातलं ॲल्युमिनियम म्हणजे कशात काय मिसळलंय याचा पत्ता नाही. त्यात ओल असली की हायड्रोजन शिरतो आणि आत बारीक पोकळ्या राहतात. वरनं कास्टिंग गुळगुळीत दिसतं, लेथवर लावलं की भोकं उघडी पडतात. आणि पिस्टनला सिलिकॉन लागतं, साधारण बारा टक्क्यांच्या आसपास, नाहीतर गरम झाला की फुगून बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) धरतो. ह्या माणसानं जुने पिस्टन वितळवून, आपला आपण मेळ घालून हे जमवलं. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधनं हातानं कोरून काढले. सिलिंडर जुन्या बिडाच्या गॅसपाइपचे. सायकलच्या आऱ्यापासनं मायक्रोमीटर केला म्हणतात.

आणि शेल्फवर मोडलेले पिस्टन, फुटलेले रॉड मांडून ठेवले होते त्यानं, वेगाच्या देवाला अर्पण म्हणून. आमच्याकडं रिजेक्ट माल परत भट्टीत जातो. पण आमच्या जुन्या मिस्त्रींच्या खिडकीत काही फसलेली कास्टिंग कायम असायची. नवीन पोरगं आलं की त्याच्या हातात ते तुकडे द्यायचे आणि विचारायचे, हे का फुटलं सांग. पोरगं सांगेपर्यंत मोल्डला हात लावू द्यायचे नाहीत. तेव्हा राग यायचा, आता त्या खिडकीची किंमत कळते.

जुना_किकस्टार्ट, तुझी कुठली गाडी?

शंकासूर

लेख आवडला, पण एक प्रश्न मनापासून विचारतो. तिथे वर्ग किती आहेत ते पाहा. इंजिन ५० सीसीपासून ३००० सीसीपर्यंत, मग सांगाडा मूळचा की बदललेला की पूर्ण नवा बांधलेला, कवच अर्धं की पूर्ण, इंधन साधं पेट्रोल की मिथेनॉल-नायट्रो, इंजिन व्हिंटेज की पुशरॉड की आधुनिक. गुणाकार केला तर शेकड्यांनी खाने होतात. प्रत्येकाला आपला खाना मिळत असेल तर भांडायचं कशाला? ही मैत्री म्हणजे स्पर्धा कमी असल्याचा परिणाम नाही का?

जुना_किकस्टार्ट, पुणे

वाळूसाचा, माझी बीएसए एम-२० आहे. युद्धानंतर लष्कराने काढलेल्या लॉटमधली, घरात तीन पिढ्या. तिच्याबद्दल शेवटी लिहितो.

शंकासूर, प्रश्न रास्त आहे. वर्ग पुष्कळ आहेत आणि त्यामुळे ताण कमी होतो, हे मान्य. पण विक्रम कसा होतो ते बघा. जुन्या आकड्यापेक्षा जास्त वेग निघाला की गाडी थेट राखीव आवारात न्यायची. तिथे दुरुस्तीला चार तास मिळतात, मग गाडीला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत पळायचं, आणि दोन्ही फेऱ्यांची सरासरी विक्रमापेक्षा जास्त आली पाहिजे. आता विचार करा, सत्तर वर्षांचं इंजिन, एका फेरीत वितळलेला पिस्टन, हातात चार तास. अशा वेळी आवारातल्या बाकीच्यांनी पाठ फिरवली तर वर्ग कितीही असोत, कुणाचाच विक्रम होणार नाही. रिकामे खाने काय, ते तर आपोआप मिळत नाहीत, तिथेही गाडी दोनदा पळावीच लागते.

मला वाटतं मूळ कारण वेगळं आहे. इथे दोन गाड्या शेजारी-शेजारी पळत नाहीत. एकावेळी एक गाडी, समोर कोरं मीठ. कुणाला मागे टाकायचं नसतं, कुणाची वाट अडवायची नसते. वेग दुप्पट करायचा तर हवेशी झुंजायला आठपट ताकद लागते, आणि ही हवा सगळ्यांना सारखीच छळते. एकाच शत्रूशी लढणारी माणसं एकमेकांना दारूगोळा पुरवतात.

शंकासूर

चार तासांचा मुद्दा पटला. एकाच शत्रूचाही.

समुद्रकन्या, ॲडलेड

दक्षिण ऑस्ट्रेलियातून लिहिते. आमच्याकडे लेक गेर्डनर आहे, मिठाचं कोरडं सरोवर, लांबी दीडशे किलोमीटरच्या वर. मार्चमध्ये तिथे ड्राय लेक्स रेसर्स ऑस्ट्रेलियाचा स्पीड वीक भरतो. बॉनव्हिलच्या शेजारून महामार्ग जातो, इथे शेवटचा पल्ला मातीच्या रस्त्याचा, माउंट आइव्ह या मेंढपाळीच्या ठाण्यावरून. पाणी, पेट्रोल, शिधा सगळं सोबत न्यायचं. माशा इतक्या की तोंडावर जाळी बांधूनच बोलायचं.

एवढ्या आडवाटेला एखादा नट विसरला तर आणायला जाणार कुठे? त्यामुळे तिथे पहिल्या संध्याकाळी लोक आपापल्या पेट्या उघडून ठेवतात. आमच्या ओळखीचे एक आजोबा पन्नाशीच्या दशकातली एजेएस घेऊन येतात. त्यांच्या पेटीत व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) आट्यांचे बोल्ट मापाप्रमाणे डब्यांत भरलेले असतात, झाकणावर हाताने लिहिलेलं. दिवसभर कुणी ना कुणी येतं, डबा उघडतं, हवं ते घेतं. आजोबा बघतही नाहीत.

तपासणीलाही मी बसले आहे. तेल निघू नये म्हणून बोल्टला लॉकवायर (बोल्ट सैल होऊ न देणारी तार) ओवलेली आहे का, चाकाच्या व्हॉल्व्हला धातूची टोपी आहे का, चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली दोरी सुटली की इंजिन खरंच बंद पडतं का, हे सगळं हात लावून बघतात. जुन्या गाड्यांवर जास्त वेळ घालवतात. नव्या माणसाला नापास करून परत पाठवत नाहीत. तपासणारा स्वतः पक्कड घेऊन लॉकवायर पिळून दाखवतो आणि सांगतो, आता बाकीच्या तू कर. सरोवराची काळजीही तशीच, छपराखाली ताडपत्री अंथरल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. एक थेंब तेल मिठावर पडू द्यायचं नाही.

बायकांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १९७८ साली मार्सिया हॉलीने बॉनव्हिलवर ताशी २२९ मैलांचा विक्रम केला, आणि तिथल्या २०० मैल क्लबात जाणारी ती पहिली बाई ठरली. गाडी डॉन व्हेस्कोची होती. व्हेस्को म्हणजे मोटारसायकलवर ३०० मैल ओलांडणारा पहिला माणूस, १९७५ साली. आपली जिवापाड जपलेली गाडी त्याने तिच्या हाती दिली. लेस्ली पोर्टरफील्डच्या तर २००७ मध्ये मिठावर मोठा अपघात होऊन बरगड्या मोडल्या होत्या. २००८ मध्ये ती परत आली आणि विक्रम करून गेली. या गाड्या व्हिंटेज नाहीत, पण मिठावरची रीत तीच.

घाटमाथा

ताई, फार छान लिहिलंत. त्या बोल्टच्या डब्यांचा फोटो असेल तर टाका.

बॉनव्हिलचं मीठ कमी होत चाललंय असं वाचतो, ते कितपत खरं?

सॉल्टलेककर

खरं आहे, आणि इथल्या सगळ्यांना लागून राहिलेली काळजी तीच आहे. मिठाचा थर पूर्वीपेक्षा पातळ झालाय, लांब ट्रॅक आखायला पुरेसा टणक भाग मिळत नाही. शेजारी पोटॅशसाठी खारं पाणी काढलं जातं. हिवाळ्यात ते पाणी परत मैदानावर सोडण्याचे प्रयोग १९९७ पासून झाले, शर्यतवाल्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केलाय. २०१४ आणि २०१५ चा स्पीड वीक रद्द झाला, २०२२ चाही, मैदानावर पाणी होतं.

रद्द झालेल्या वर्षीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. लोक तरीही वेंडोव्हरला येतात. परदेशातून येणाऱ्यांची तिकिटं आधीच काढलेली, वर्षभराची रजा त्याच आठवड्याची. मोटेलच्या आवारात ट्रेलर उघडतात, गाड्या उतरवतात, इंजिनं चालू करतात. पळायचं नाही हे माहीत असून एक म्हातारा गृहस्थ दुसऱ्याच्या गाडीचे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) लावून देत होते. मी शेजारी टॉर्च धरून उभा होतो. त्या माणसाला पुढचं वर्ष बघायला मिळेल की नाही याची खात्री नव्हती, तो आजारी होता, सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या वर्षी तो आला नाही. त्याची गाडी आली. त्याच्या मुलीने आणली, आणि टॅपेट लावणारे गृहस्थ तिच्यासोबत रांगेत उभे होते, छत्री धरून.

वाळूसाचा, कोल्हापूर

काय लिहिलंस राव.

जुना_किकस्टार्ट, पुणे

सॉल्टलेककर, हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. धन्यवाद.

घाटमाथा, आपल्याकडे मिठावरच्या शर्यती नाहीत, पण जुन्या गाड्या जिवंत ठेवणारी माणसं आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारली तर दिसतात, हातात मळका चिंधीचा बोळा आणि नमुन्याचा एखादा स्प्रिंग. जावा-येझदीवाल्यांचं जाळं तर गावोगाव आहे. मला एम-२० चा मॅग्नेटो साताऱ्याच्या एका गृहस्थांनी गुंडाळून एसटीतून पाठवला, पैसे नंतर द्या म्हणाले, आजवर भेट नाही.

वाळूसाचा, आता तुझ्याकडे काम काढतो. एम-२० चा बोअर मूळ ८२ मिलिमीटर. माझा एवढा झिजलाय की बाजारातला सर्वांत मोठा ओव्हरसाइज पिस्टनही सैल बसतो. लायनर (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) घालायचा की मोठा पिस्टन ओतायचा?

वाळूसाचा, कोल्हापूर

लायनर घाल. तुझ्या साइडव्हॉल्व्ह इंजिनाचं (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) सिलिंडर एकसारखं तापत नाही, एक्झॉस्टच्या बाजूला जास्त ताण असतो. मोठा पिस्टन टाकण्यासाठी बोअर आणखी खाल्लास तर भिंत पातळ होऊन तिथंच तडकेल. लायनर घालून मूळ मापावर आण, मग ८२ चा पिस्टन बसेल. तो मिळाला नाही तर आपण ओतू, दोन-चार एकदम ओतू, तुझ्यासारखे अजून असतील. समुद्रकन्या ताई, त्या आजोबांना विचारा, जुन्या सिंगलच्या पिस्टनला ते स्कर्टमध्ये (पिस्टनच्या खालच्या भागात) किती फट ठेवतात.

आणि पुणेकर, बोअर नुसता वरनं मोजू नकोस. वर, मधे, खाली, तिन्ही ठिकाणी मोज. प्रत्येक ठिकाणी दोनदा, एकदा गजनपिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या आडव्या पिनच्या) रेषेत आणि एकदा तिला काटकोनात. सहा आकडे येतील, ते इथंच टाक, सगळ्यांना बघू दे.